चिकन सॅलड घरगुती कसे झाले : पार्श्वभूमी

आज घरी चिकन सॅलड करायचे तर उकडलेल्या किंवा आदल्या रात्री भाजलेल्या कोंबडीचे तुकडे, बारीक चिरलेली एखादी कुरकुरीत भाजी आणि दोन-चार चमचे मेयोनेज एवढे साहित्य पुरते. त्यामुळे उरलेसुरले खपवण्यासाठीच हा पदार्थ जन्माला आला असावा, असा समज सहज होतो. अमेरिकेत, म्हणजे जिथे त्याला आजचे रूप मिळाले तिथे, चित्र नेमके उलटे होते. तिथे जवळपास शंभर वर्षे चिकन सॅलड हा मेजवानीचा आणि चांगलाच खर्चिक पदार्थ मानला जाई. पुढे त्याची कृती फारशी न बदलता तो सर्वांच्या आवाक्यात आला. बदलला तो कोंबडी, तेल आणि अंडी यांचा व्यवहार.

थंड मांस, तेल, व्हिनेगर आणि पालेभाजी एकत्र वाढण्याची रीत युरोपात जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये सालमागंडी नावाचा पदार्थ होता. त्यात कोंबडीचे थंड मांस, खारवलेली अँचोव्ही मासळी, उकडलेली अंडी आणि लोणच्यातल्या भाज्या मोठ्या ताटात रचून मांडत. फिलाडेल्फियाच्या एलायझा लेस्ली यांच्या ‘डायरेक्शन्स फॉर कुकरी’ या १८३७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातली चिकन सॅलडची कृती वाचली, तर आजच्या वाचकाला ती ओळखीची वाटेल. कोंबड्या कोवळ्या आणि उत्तम असाव्यात, त्या उकडाव्या किंवा भाजाव्या, पूर्ण थंड झाल्यावर कातडी व चरबी काढून मांसाचे इंचाहून मोठे नसलेले तुकडे करावे आणि त्यांत सेलरीच्या दोन मोठ्या गड्ड्यांचा पांढरा भाग तेवढाच चिरून मिसळावा, असे त्या सांगतात. वरच्या मिश्रणासाठी मात्र आठ उकडलेल्या अंड्यांचे बलक लाकडी चमच्याने घोटून त्यात मीठ, लाल तिखट, मोहरीचा तयार लगदा, व्हिनेगर आणि पेलाभर ऑलिव्ह तेल घालायचे आहे, आणि ते ताजे राहावे म्हणून वाढण्याच्या जरा आधीच करायचे आहे. चिकन सॅलड १८६३ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या वेकफील्ड गावच्या एका मांसाच्या दुकानात प्रथम तयार झाले, असे वारंवार सांगितले जाते. पण लेस्लीबाईंची कृती त्याच्या सव्वीस वर्षे आधी छापलेली आहे, तेव्हा त्या दुकानाला फार तर एका प्रकाराचे श्रेय देता येईल.

या कृतीतला खर्च आज जाणवत नाही, कारण त्या काळची कोंबडी आज कुणाच्या डोळ्यांसमोर नाही. शेतावरच्या कोंबड्या मुख्यतः अंड्यांसाठी पाळल्या जात. खाण्यासाठी मिळत त्या अंडी देणे थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या किंवा वसंतात उबवलेली नको असलेली नर पिल्ले. कोवळी, मांसल कोंबडी वर्षातून थोडेच दिवस बाजारात येई आणि महाग असे. त्यामुळे यजमानीण बाई चिकन सॅलड म्हणून जे वाढी, त्यात पुष्कळदा वासराचे मांस मिसळलेले असे, आणि काही पाकपुस्तके तशी मुभा उघडपणे देत. स्वस्त कोंबडीत महाग मांस मिसळण्याची ही उलटी भेसळ आजच्या वाचकाला गमतीची वाटेल, पण त्या वेळी वासराचे मांसच स्वस्त होते. सेलरीही साधी भाजी नव्हती. तिचे देठ पांढरे आणि कोवळे राहावेत म्हणून रोपांभोवती माती चढवत राहावे लागे, आणि श्रीमंत घरांत ती काचेच्या खास उंच भांड्यात टेबलाच्या मध्यभागी ठेवत. मिशिगनमधल्या कॅलमझू भागात डच स्थलांतरितांनी दलदलीच्या जमिनीत तिची मोठी लागवड केल्यानंतर ती मुबलक होऊ लागली.

राहिले तेल. ऑलिव्ह तेल युरोपातून येई, म्हणून ज्यांना ते परवडत नसे त्या घरांत अंडी, दूध किंवा साय, मोहरी आणि व्हिनेगर मंद आचेवर शिजवून दाट करत आणि तेच सॅलडवर घालत. कच्च्या बलकात तेल थेंब-थेंब घोटून होणारे मेयोनेज फ्रेंच स्वयंपाकातून आले. बलकातले लेसिथिन तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात धरून ठेवते, म्हणून मिश्रण घट्ट होते. पण हात घाईत चालला की ते फाटते, त्यामुळे बराच काळ ते कुशल स्वयंपाक्याचे काम समजले जाई. १९०० च्या सुमारास डेव्हिड वेसन यांनी सरकीच्या तेलाचा उग्र वास घालवण्याची पद्धत बसवल्यावर स्वस्त, वासहीन तेल मिळू लागले. जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या रिचर्ड हेलमन यांनी १९०५ मध्ये तयार खाद्यपदार्थांचे दुकान उघडले, आणि तिथे खपणारे मेयोनेज १९१२ मध्ये ते काचेच्या बरण्यांत भरून विकू लागले. घोटण्याची कसरत संपली, ती इथे.

कोंबडी स्वस्त व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील यांनी १९२३ मध्ये अंड्यांसाठी ५० पिल्ले मागवली होती, पण उबवणी केंद्राने चुकून ५०० पाठवली. त्यांनी ती परत न करता मांसासाठी वाढवली आणि पौंडाला ६२ सेंट या दराने विकली. नफा पाहून त्यांनी पुढच्याच वर्षांत हा व्यवसाय वाढवला, शेजारच्या शेतकऱ्यांनीही तो उचलला आणि केवळ मांसासाठी कोंबडी पाळण्याचा धंदा त्या भागात रुजला. तरीही १९२५ च्या आसपास अमेरिकन ब्रॉयलरला सव्वा किलोच्या आतले वजन गाठायला जवळपास चार महिने लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर ए अँड पी या किराणा साखळीने शेती खात्याबरोबर ‘उद्याची कोंबडी’ शोधण्याची स्पर्धा भरवली. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा संकर जिंकला, आणि रुंद छातीची, झपाट्याने वाढणारी जात बाजाराचा नमुना ठरली. सॅलडसाठी लागणारे पांढरे, चरबी कमी असलेले छातीचे मांस यानंतर रोजच्या खरेदीत येऊ शकले.

ब्रिटनमध्ये हा पदार्थ राजवाड्याच्या वाटेने गाजला. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या राज्याभिषेकानंतरच्या दुपारच्या भोजनासाठी रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय यांनी थंड कोंबडीचा एक पदार्थ बसवला. सुमारे ३५० पाहुणे असल्यामुळे आधीच करून ठेवता येईल असे काहीतरी हवे होते. कोंबडीवरच्या मेयोनेजात करी पावडर, जर्दाळूचा गर आणि साय होती. भारताशी त्याचा संबंध मसाल्याच्या त्या डबीपुरताच. आपल्याकडच्या कोणत्याही घरात तसा पदार्थ शिजत नव्हता. रेशनिंग अजून उठायचे होते, त्यामुळे सामान्य इंग्रज घरात त्याचे अनुकरण लगेच होणे कठीण होते. पुढे तो सँडविचमधले सारण म्हणून घरोघर पोचला, तेव्हा त्यात बेदाणे आले आणि मूळ कृतीतली नजाकत गेली, असे माझे मत आहे.

आपल्याकडे ब्रॉयलरचा विस्तार १९७० नंतरचा आहे आणि त्यात पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाचा मोठा वाटा आहे. त्यानंतर कोंबडी ही रविवारची किंवा पाहुणचाराची गोष्ट न राहता हाडांविना छातीच्या पाकिटात फ्रीजमध्ये येऊन पडली. मेयोनेजच्या बाबतीत भारताचा मार्ग वेगळा राहिला. इथल्या दुकानांत अंडेविरहित मेयोनेजच अधिक चालते, आणि त्यामागे केवळ शाकाहार नाही, तर कच्च्या अंड्यातील साल्मोनेलाची उष्ण हवेतली भीतीही आहे. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्यांच्या मेयोनेजवर एक वर्षासाठी बंदी घातली. मराठी घरांत बांधलेल्या दह्याचा चक्का मेयोनेजच्या जागी वापरणारे अनेक जण आहेत. चक्क्याचा आंबटपणा व्हिनेगरची उणीव भरून काढतो, पण त्याला पाणी सुटत असल्याने मीठ घालून मिसळणे वाढण्याच्या वेळीच करावे लागते. सेलरीऐवजी काकडी घ्यायची तर तिच्या बिया काढाव्या, आणि कोंबडी मिसळण्यापूर्वी पूर्ण थंड होऊ द्यावी. लेस्लीबाईंच्या कृतीतली ही अट आजही तितकीच लागू आहे.