खबर (ग्रामीण विदर्भ)

खबर : गावात कोण आले, कोण गेले, काय शिजते आहे याची तोंडी माहिती, आणि पोलिसी अर्थाने, ती माहिती ठाण्यापर्यंत पोचण्याची रीत. सरकारी कागदावर हिलाच ‘गुप्तवार्ता’ म्हणतात, पण वणी-पुसदपासून भामरागडपर्यंत रोजच्या बोलण्यात हा शब्द कोणी वापरत नाही. खबर ‘लागते’, ‘फुटते’, ‘उडती’ असते किंवा ‘पक्की’ असते. देणारा तो खबऱ्या. हा शब्द पूर्व विदर्भात आवाज खाली घेऊनच बोलला जातो, कारण एखाद्याला तो चिकटला की त्याच्या जिवाची खात्री उरत नसे.

दहशतवादविरोधी तज्ज्ञ म्हटले की मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्या आठवतात. पण महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे पहिले प्रमुख के. पी. रघुवंशी आणि त्या पदावर असताना मारले गेलेले प्रमुख हेमंत करकरे, या दोघांच्याही नोकरीचा एक मोलाचा तुकडा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गेला आहे. त्यामुळे नोंद खबरेची असली तरी या दोन कारकिर्दी तिच्यात येणारच.

गावातली साखळी जुनी आहे. पाटील, कोतवाल, जागल्या ही वतनदार मंडळी रात्रीची गस्त घालत आणि परक्या माणसावर नजर ठेवत. वतने गेली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद नव्याने उभे केले. मानधनावरचा हा माणूस त्याच गावचा असतो. गावातले गुन्हे, गावाचे आरोग्य आणि लोकांची एकूण स्थिती यांची माहिती वर कळवत राहणे हे कायद्यानेच त्याच्यावर टाकलेले काम आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक अधिनियम, म्हणजे ‘यूएपीए’, हाही १९६७ चाच. एकाच वर्षाचे हे दोन कायदे पुढे गडचिरोलीच्या एकाच फायलीत भेटतील, असे तेव्हा कोणाच्या मनातही नसेल.

सपाट विदर्भातली, म्हणजे वऱ्हाड-वर्ध्याकडची खबर बहुतेक वेळा साधी असते. पोळ्याच्या तोरणावरून कोणाचे कोणाशी वाजले, सट्टापट्टी कुठल्या पानठेल्यावर चालते, पेरणीच्या तोंडावर चोरबीटीची, म्हणजे बेकायदा कापूस बियाण्याची, पाकिटे कोणाच्या कोठ्यात उतरली. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे असल्याने तिथे खबरेचा मोठा हिस्सा दारूचाच. ही खबर देण्यामागे समाजसेवा कमी आणि भाऊबंदकी जास्त, हे कुठलाही जुना हवालदार सांगेल. म्हणूनच खबर ऐकताना ती काय आहे यापेक्षा ती देतोय कोण, आणि त्याचे बांधावरून कोणाशी वाकडे आहे, हे आधी पाहिले जाते. गुप्तवार्तेच्या अभ्यासक्रमात यालाच स्रोताचे मूल्यमापन असे भारदस्त नाव आहे.

ठाण्यात हे काम ‘गोपनीय’चा अंमलदार पाहतो. तो साध्या कपड्यांत असतो, आठवडी बाजारात दिसतो, सभा-मोर्चांना मागे उभा राहून टिपणे घेतो आणि त्याला सगळे गाव ओळखते. पासपोर्टच्या चौकशीला घरी येतो तोही हाच. त्याचा अहवाल जिल्हा विशेष शाखेकडे जातो. राज्य गुप्तवार्ता विभागाची यंत्रणा वेगळी, ती थेट वर कळवते. एकाच सभेचे दोन अहवाल दोन वाटांनी मुंबईत पोचतात आणि गर्दीचा आकडा दोन्हींत सारखा असेलच असे नाही.

गडचिरोलीत मात्र हा सगळा हिशेब उलटला. १९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून आंध्रातून नक्षल दलम, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या, सिरोंचा-अहेरीच्या जंगलात शिरू लागल्या. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. ठाण्यात बदलून आलेला शिपाई नागपूर-अमरावतीकडचा, त्याला मराठी येते. समोरचा माणूस माडिया किंवा गोंडी बोलणारा, दक्षिणेला तेलुगू, पूर्वेच्या सीमेवर छत्तीसगढी. दलमवाले तेंदूपत्त्याच्या दराचे आणि बांबूच्या मजुरीचे बोलत होते, वनरक्षकाच्या जाचाचे बोलत होते, आणि ते लोकांच्या भाषेत बोलत होते. पोलिसांची गाडी गावात आली की गावातले लोक गोटुलापासून (गावातल्या तरुणांच्या सामुदायिक घरापासून) मोहाच्या झाडापर्यंत कुठेच दिसत नसत. खबर नव्हती असे नाही. ती पोलिसांकडे येत नव्हती, एवढेच.

यावर १९९० मध्ये जो उपाय निघाला तो सी-६०. तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक तरुणांतून साठ जणांची तुकडी उभी केली. ‘वीरभोग्या वसुंधरा’ हे तिचे ब्रीद. पुढे १९९४ मध्ये दक्षिण भागासाठी अहेरीच्या प्राणहिता केंद्रावर दुसरी शाखा झाली. वर्तमानपत्रांनी सी-६० चे कमांडो म्हणून कौतुक केले आणि चित्रे छापली ती बंदुकांची. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तुकडी आधी खबरेची सोय होती, लढण्याची नंतर. तिच्यातल्या जवानाला गोंडी येते, पायवाट कुठे निघते ते ठाऊक असते, कोणत्या गावात कोणाची सोयरीक आहे हे माहीत असते. ‘जोहार’ म्हणून तो अंगणात बसू शकतो. प्रत्येक ‘पार्टी’, म्हणजे छोटी तुकडी, तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते, आणि अभियानावरून परतताना गावात थांबून रेशन, रस्ता, दाखले यांच्या अडचणी विचारणे हा कामाचाच भाग धरला गेला. माणूस आधी गाऱ्हाणे सांगतो, आणि विश्वास बसला तर दोन महिन्यांनी खबर सांगतो.

याची दुसरी बाजू कडू आहे. आदिवासीच्या विरुद्ध आदिवासीच उभा राहिला, हा आक्षेप या रचनेवर सुरुवातीपासून आहे आणि तो खोडता येत नाही. भरती झालेल्या पोराच्या घरच्यांना गाव सोडून ठाण्याच्या गावी किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन राहावे लागले, अशी घरे या जिल्ह्यात थोडी नाहीत.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती ज्यांच्या अंगावर गणवेश नव्हता त्यांनी. दलम गावात जेवून गेले आणि पोलीस पाटलाने कळवले नाही, तर ठाण्यात जाब. कळवले, तर जंगलात जाब. रात्री दार ठोठावायचे, माणसाला झोपेतून उठवून न्यायचे, आणि सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर प्रेत व शेजारी ‘पोलीस खबऱ्या’ असे लिहिलेले पत्रक, हा प्रकार एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या तालुक्यांत वर्षानुवर्षे चालला. मेलेल्यांत पोलीस पाटील होते, माजी सरपंच होते, शरण येऊन घरी परतलेले होते, आणि ज्यांनी आयुष्यात ठाण्याची पायरी चढली नव्हती असेही होते. कधी कधी कारण जमिनीचे भांडण असे आणि ‘खबऱ्या’ हा नुसता शिक्का. वऱ्हाडात भाऊबंदकीतून दारूची खोटी खबर जाते आणि माणसाच्या घराची झडती होते; इथे त्याच खोट्या खबरेने माणूस मरत असे.

खबर चुकली किंवा आलीच नाही तर काय होते, ते २००९ ने दाखवले. १ फेब्रुवारीला मरकेगावात १५ पोलीस मारले गेले, मे महिन्यात मुरूमगाव भागात १६, ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७. खबर खरी निघाली तरी घात होतो, हे मात्र १ मे २०१९ ला कळले. कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने रात्री जाळली गेली. खबर पक्की होती, जळालेली वाहने समोर होती. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली गेली आणि १५ जवान व चालक गेले. म्हणजे खबर हेच आमिष होते. घडलेल्या गोष्टीची बातमी आपल्यापर्यंत कोणाला पोचवायची आहे, हा प्रश्न त्या दिवसानंतर अभियानाच्या नियोजनात पहिला आला असावा असे वाटते.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरला इंद्रावतीच्या काठी झालेल्या कारवाईत पोलिसांनी ४० नक्षलवादी मारल्याचे सांगितले. गट्टेपल्लीच्या काही कुटुंबांनी मात्र आमची मुले लग्नाला निघाली होती असे म्हटले. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोल्याच्या चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. तोही विदर्भातलाच, वणी तालुक्यातल्या राजूरचा.

आता त्या दोन कारकिर्दी. रघुवंशी गडचिरोलीनंतर अनेक पदांवरून गेले आणि २००४ मध्ये राज्याचे दहशतवादविरोधी पथक स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले प्रमुख झाले. जंगलातले दलम आणि शहरातला बॉम्ब ठेवणारा गट यांत साम्य थोडे, पण छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या, बाहेरच्याला आत न घेणाऱ्या गटात कान कसा मिळवायचा हा पेच दोन्हीकडे एकच.

हेमंत करकरे यांची वाट आणखी वळणाची. जन्म १९५४ चा. शाळा वर्ध्याला, यंत्र अभियांत्रिकीची पदवी १९७५ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून. काही काळ खासगी कंपनीत काम, मग १९८२ च्या तुकडीतून पोलीस सेवा. चंद्रपूरला पोलीस अधीक्षक असताना जंगलातली वाळकी, वाहून आलेली लाकडे गोळा करून त्यांतून शिल्पे घडवण्याचा नाद त्यांना लागला, हे चंद्रपुरात आजही सांगितले जाते. पुढे सुमारे सात वर्षे ते ‘रॉ’मध्ये होते, त्यांतला काळ ऑस्ट्रियात गेला. त्या वर्षांबद्दल जाहीरपणे फारसे काहीच उपलब्ध नाही, आणि त्या धंद्यात तेच चांगल्या कामाचे लक्षण. जानेवारी २००८ मध्ये ते दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले, सप्टेंबरच्या मालेगाव स्फोटाचा तपास त्यांच्याकडे आला आणि २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यासह ते मारले गेले. मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पथकाची सूत्रे पुन्हा रघुवंशींकडे आली.

निवृत्तीनंतर ‘तज्ज्ञ’ म्हणून दूरचित्रवाणीवर बसणे करकरेंच्या वाट्याला आले नाही. इतरांच्या वाट्याला येते. पण त्यावरही आता वेसण आहे. मे २०२१ मध्ये केंद्राने निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्याला आपल्या संस्थेच्या कामाविषयी काही छापायचे तर आधी परवानगी हवी, नाहीतर निवृत्तिवेतन धोक्यात. गावातल्या खबऱ्याला पत्रकाची भीती आणि दिल्लीच्या अधिकाऱ्याला पेन्शनची.

खबर आणि पुरावा यांच्यातली दरी हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. खबर कुठून मिळाली हे सांगायला पोलिसाला न्यायालय भाग पाडू शकत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे १२५ वे कलम तेच सांगत होते आणि नव्या साक्ष अधिनियमातही ते संरक्षण आहे. खबऱ्या वाचतो, पण त्याची गोष्ट न्यायाधीशापुढे येत नाही. मग पंच, जप्ती, मंजुरीचे आदेश यांवर खटला उभा करावा लागतो आणि तिथे तो कोसळतो. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा व इतरांवर झालेल्या खटल्याची सुरुवात २०१३ मध्ये अहेरीतल्या अटकेने झाली. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी शिक्षा दिली, आणि नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना निर्दोष ठरवले. तोवर पांडू नरोटे हा एटापल्लीकडचा आरोपी कैदेत असतानाच वारला होता. मुंबईतही चित्र फार वेगळे नाही. रघुवंशींच्या काळात तपास झालेल्या जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने १२ जणांना, आणि करकरेंनी तपासलेल्या मालेगाव खटल्यात विशेष न्यायालयाने सातही जणांना, जुलै २०२५ मध्ये एकाच महिन्यात सोडले. पहिल्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. तपास खोटा होता की पुरावा तोकडा, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. जंगलात वापरलेली खबरेची पद्धत न्यायालयात जशीच्या तशी चालत नाही, एवढे तरी या निकालांनी दाखवले.

अलीकडे गडचिरोलीत खबर बहुतांशी शरण आलेल्यांकडून येते. राज्याची आत्मसमर्पण योजना २००५ ची. १ जानेवारी २०२५ रोजी माओवादी नेत्या तारक्का आणि ऑक्टोबरमध्ये तिचा नवरा, माओवादी पक्षाच्या सर्वोच्च फळीतला मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती, साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे आला. पोलीस मदत केंद्रांवर ‘दादालोरा खिडकी’ नावाने दाखले आणि योजनांचे अर्ज भरून घेतले जातात. पूर्वी जिथे वाळूच्या पोत्यांमागून बंदूक दिसे तिथे बाया जातीच्या दाखल्यासाठी रांगेत बसतात, आणि पावसाळ्यात भामरागडकडची पहिली खबर असते ती पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर आले का, याची.