डेन्मार्कमधील मध्ययुगीन दगडी बाप्तिस्माकुंडे

बाप्तिस्म्याचे पाणी साठवण्यासाठी चर्चमध्ये बसवलेले, खोलगट वाटी आणि बैठक असे दोन भाग असलेले कोरीव दगडी पात्र. डेन्मार्कच्या ग्रामीण चर्चमध्ये अशी रोमनेस्क (गोल कमानी आणि जाड भिंतींच्या मध्ययुगीन युरोपीय) शैलीची दीड हजारांहून अधिक कुंडे टिकून आहेत. त्यांतील बहुतेक सुमारे ११०० ते १२५० या काळातली आहेत, म्हणजे लाकडी चर्चच्या जागी दगडी चर्च उभी राहत होती तेव्हाची. त्या काळी तान्ह्या मुलाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत, म्हणून वाटी चांगलीच रुंद आणि खोल ठेवलेली असते.

या कुंडांचे रूप मुख्यतः दगडाने ठरवले आहे. बॉर्नहॉल्म बेट वगळता डेन्मार्कच्या भूपृष्ठावर ग्रॅनाइटचा मूळ खडक नाही. मात्र हिमयुगात हिमनद्यांनी उत्तरेकडून वाहून आणलेले ग्रॅनाइटचे धोंडे शेतोशेती विखुरलेले होते आणि जटलंड या डेन्मार्कच्या मुख्य द्वीपकल्पातील पाथरवटांनी चर्चच्या भिंतींप्रमाणे कुंडांसाठीही तेच वापरले. ग्रॅनाइट कठीण आणि भरड असल्याने त्यात नाजूक बारकावे उतरत नाहीत. त्यामुळे आकृत्या ठसठशीत, पण उठाव बेताचाच, अशी शैली घडली. पूर्व जटलंडातील सिंहांची कुंडे तिचा उत्तम नमुना होत. त्यांत दोन सिंहांची धडे दोन बाजूंनी येऊन एकाच मुखाला मिळतात. हे सिंह पापाचे प्रतीक मानावेत की पवित्र जलाचे राखणदार, यावर एकमत नाही. चित्रापेक्षा नक्षी म्हणून ते अधिक परिणामकारक वाटतात, एवढे मात्र म्हणता येते.

बाल्टिक समुद्रातील गोटलंड बेटावरचा दगड याउलट मऊ. तेथील कारागीर कुंडे घडवून जहाजांनी परमुलखात पाठवत. बॉर्नहॉल्मवरील ओकिर्केब्यू येथील कुंड बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले असून सिग्राफ या गोटलंडच्या शिल्पकाराचे आहे. त्याच्या वाटीभोवती कमानींखाली येशूच्या जीवनातील ११ प्रसंग कोरलेले आहेत. कमानींवरून फिरणारा रूनी या उत्तर युरोपातील प्राचीन लिपीतला लेख गोटलंडच्या बोलीत त्या प्रसंगांची ओळख करून देतो आणि शिल्पकाराचे नावही सांगतो. एवढा बोलका दगड मध्ययुगीन डेन्मार्कमध्ये विरळाच. तेराव्या शतकात मात्र गोटलंडहून शिंपल्यासारख्या पाकळ्यांची, जवळपास एकाच साच्यातली कुंडे येऊ लागली आणि कथाशिल्प मागे पडले.

१५३६ मध्ये डेन्मार्कने ल्यूथरपंथ हा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यावरही कुंडे जागची हलली नाहीत. कालांतराने मुलाला बुडवण्याऐवजी डोक्यावर पाणी घालण्याची रीत रूढ झाली, तेव्हा एवढ्या मोठ्या वाटीची गरज उरली नाही आणि तिच्यावर धातूचे उथळ ताट ठेवण्यात येऊ लागले; त्यासाठी जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराची पितळी ताटे विशेष पसंत केली जात. काही कुंडे पुढे अडगळीत गेली, बागेत फुलझाडांसाठी किंवा गुरांच्या पाण्याची डोण म्हणूनही वापरली गेली आणि त्यांतली कित्येक नंतर शोधून परत आणण्यात आली. अनेक गावांत आजही त्याच कुंडापाशी बाप्तिस्मा होतो.