स्त्रियांची पाळकीय दीक्षा

ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा, पापक्षमेची घोषणा करण्याचा आणि मंडळी सांभाळण्याचा अधिकार स्त्रीला विधिपूर्वक देणे म्हणजे स्त्रियांची पाळकीय दीक्षा. चर्चमध्ये स्त्रीला किती आवाज आहे हे मोजताना लोक आधी प्रवचनाकडे बोट दाखवतात. प्रवचन करणाऱ्या स्त्रिया मात्र दीक्षेच्या कितीतरी आधीपासून होत्या. खरा अडसर दोन ठिकाणी राहिला : वेदीपाशी आणि ठराव संमत करणाऱ्या सभागृहात.

अँग्लिकन परंपरेत (चर्च ऑफ इंग्लंड आणि त्यातून निघालेली चर्चे) दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत : डीकन, प्रीस्ट (पाळक) आणि बिशप. डीकन शुभवर्तमान वाचतो, प्रवचन करतो, बाप्तिस्मा देतो, अंत्यविधी चालवतो. भाकर व द्राक्षारस यांवरची पवित्रीकरणाची प्रार्थना आणि पापक्षमेची घोषणा मात्र पाळकाच्याच अधिकारात येतात. इतरांना दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपला. पाळकाच्या दीक्षेत बिशप आणि हजर असलेले पाळक उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवतात. बिशपच्या अभिषेकाला किमान तीन बिशप लागतात. ही रचना नीट लक्षात घेतली नाही तर पुढचे वाद निव्वळ हट्टासारखे दिसतात.

वादात दोन्ही बाजू बायबलच पुढे करतात. विरोधक 1 करिंथ 14:34 आणि 1 तीमथ्य 2:12 दाखवतात, तर समर्थक गलती 3:28 आणि रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय, जिथे किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस पौलाने केली आहे. वचने दोन्हीकडे पुरेशी असल्याने केवळ वचनांवर हा प्रश्न कुठेच सुटला नाही. तो सुटला किंवा अडला, तो प्रत्येक चर्चमध्ये निर्णय कोण घेतो यावर.

सुरुवातीची उदाहरणे

जिथे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते तिथे वाट लवकर मोकळी झाली. अँटॉइनेट ब्राउन यांना 15 सप्टेंबर 1853 रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथ बटलर येथील काँग्रिगेशनल मंडळीने दीक्षा दिली. तिथे वर परवानगी मागायला कोणी नव्हतेच. मुंबई आणि अहमदनगर भागात काम करणारे अमेरिकन मराठी मिशन प्रामुख्याने याच परंपरेतले. त्याच्या गावोगावच्या कामाचा बराच भार घरोघर बायबल वाचून सांगणाऱ्या मराठी ‘बायबल बायां’नी उचलला, पण त्यांना दीक्षा नव्हती.

अँग्लिकन चर्चमधील पहिली स्त्री-पाळक फ्लॉरेन्स ली टिम-ओई. युद्धकाळात मकावमध्ये त्या डीकन म्हणून मंडळी सांभाळत होत्या आणि हाँगकाँगवरील जपानी ताब्यामुळे तिथे पुरुष पाळक पोहोचू शकत नव्हता. हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी 25 जानेवारी 1944 रोजी त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली. युद्ध संपताच वरून दडपण आले आणि 1946 मध्ये बिशपची अडचण टळावी म्हणून त्यांनी पाळक म्हणून काम करण्याचा परवाना परत केला. दीक्षा मात्र सोडली नाही, कारण अँग्लिकन समजुतीप्रमाणे ती काढून घेता येत नाही. हाँगकाँगमध्येच 1971 साली आणखी दोन स्त्रियांना दीक्षा मिळाली, या वेळी रीतसर ठराव करून. अमेरिकेत 29 जुलै 1974 रोजी फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना ठरावाची वाट न पाहता दीक्षा देण्यात आली. तिथल्या चर्चने 1976 मध्ये नियम बदलला.

इंग्लंड : ठराव कसा संमत होतो, कसा पडतो

चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याशी जोडलेले चर्च असल्याने तिथला मार्ग सर्वांत लांब आणि सर्वांत चांगला नोंदलेला आहे. जनरल सिनडची, म्हणजे चर्चचे कायदे करणाऱ्या सभेची, तीन सभागृहे आहेत : बिशपांचे, पाळकांचे आणि प्रापंचिकांचे (दीक्षा नसलेल्या सभासदांचे). अशा प्रस्तावाला तिन्ही सभागृहांत वेगवेगळे दोन-तृतीयांश मत लागते. त्यानंतर संसदेची मान्यता आणि राजाची किंवा राणीची संमती.

1987 मध्ये स्त्रियांना डीकनपद मिळाले आणि एक विचित्र काळ सुरू झाला. स्त्री-डीकन गावची मंडळी सांभाळी, आजाऱ्यांना भेटे, मयतीला उभी राही. प्रभुभोजनासाठी मात्र बाहेरून पुरुष पाळक बोलवावा लागे किंवा आधीच पवित्र केलेली भाकर आणून वाटावी लागे. कामाचा बोजा तिच्यावर आणि विधी पाहुण्याकडे, ही सात वर्षांची व्यवस्था कोणत्याही युक्तिवादापेक्षा परिणामकारक ठरली असे म्हणायला हरकत नाही.

11 नोव्हेंबर 1992 रोजी पाळकपदाचा प्रस्ताव मतास आला. बिशप 39 विरुद्ध 13, पाळक 176 विरुद्ध 74, प्रापंचिक 169 विरुद्ध 82. शेवटच्या सभागृहात दोघांनी बाजू बदलली असती तर तो पडला असता. 12 मार्च 1994 रोजी ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये बिशप बॅरी रॉजरसन यांनी 32 स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली.

मात्र या मान्यतेसोबत बरीच सूट देण्यात आली. गावची चर्च समिती ‘ठराव अ’ करून स्त्रीला तिथे प्रभुभोजन चालवण्यास मनाई करू शकत होती, ‘ठराव ब’ करून तिला तिथली मुख्य पाळक होऊ न देणे शक्य होते. ज्यांना आपल्या बिशपने स्त्रियांना दीक्षा दिलेलीही चालत नव्हती, त्यांच्यासाठी बेव्हर्ली, एब्सफ्लीट आणि रिचबरो अशी तीन खास बिशपपदे निर्माण केली गेली. हे बिशप आपल्या हद्दीबाहेर मंडळ्या सांभाळत हिंडत, म्हणून त्यांना ‘उडते बिशप’ म्हटले गेले. चर्च सोडून जाणाऱ्या पाळकांना भरपाई देणारा वेगळा कायदा झाला आणि चारशेहून अधिक पुरुषांनी त्याचा लाभ घेतला.

बिशपपदाचा प्रश्न याहून अवघड ठरला. स्त्री-पाळक नको असणारा माणूस शेजारच्या चर्चमध्ये जाऊ शकतो. स्त्री-बिशपने हात ठेवून दीक्षा दिलेले पुरुष पाळकही त्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरतात, आणि ते कोण हे ओळखायचे कसे? 20 नोव्हेंबर 2012 रोजी बिशपांनी 44 विरुद्ध 3 आणि पाळकांनी 148 विरुद्ध 45 असा कौल दिला. प्रापंचिकांत 132 विरुद्ध 74 मते पडली आणि सहा मतांनी प्रस्ताव कोसळला. पाडणारे सगळे विरोधकच होते असे नाही. विरोधी मंडळ्यांना दिलेले संरक्षण अपुरे वाटल्याने काही समर्थकांनीही विरोधात मत दिले. शिवाय प्रापंचिक सभासद थेट मंडळ्यांतून नव्हे, तर स्थानिक सिनडमार्फत निवडून येतात. त्यामुळे संघटित गटांना तिथे प्रमाणाबाहेर वजन मिळू शकते.

दुसऱ्या खेपेस पद्धत बदलली. तपशीलवार कायदा करण्याऐवजी छोटा कायदा, पाच मार्गदर्शक तत्त्वे आणि तक्रार ऐकणारा स्वतंत्र निरीक्षक अशी मांडणी केली, आणि गटागटांना बंद खोलीत समोरासमोर बसवले. 14 जुलै 2014 रोजी प्रापंचिकांचे मत 152 विरुद्ध 45 झाले. लिबी लेन यांचा 26 जानेवारी 2015 रोजी यॉर्क मिन्स्टरमध्ये बिशप म्हणून अभिषेक झाला. हाउस ऑफ लॉर्ड्समधील बिशपांच्या बहुतेक जागा ज्येष्ठतेने भरल्या जात असल्याने स्त्रियांची पाळी येण्यास कितीतरी वर्षे गेली असती. म्हणून 2015 मध्ये त्यांना अग्रक्रम देणारा खास कायदा झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये कँटरबरीच्या 106व्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्माधिकारी, म्हणून सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. त्या पूर्वी इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी होत्या. मंडळीने ठराव करून पुरुष पाळक मागण्याची सोय आजही शिल्लक आहे.

कॅथलिक चर्च

इथे मतदानाने हा प्रश्न सुटत नाही. कॅनन कायद्याच्या कलम 1024 प्रमाणे बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच दीक्षा वैध ठरते. ब्रिस्टलनंतर दोन महिन्यांनी, 22 मे 1994 रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना धर्मगुरुपद देण्याचा अधिकार चर्चला नाही असे जाहीर केले.

त्यामुळे बदल झाला तो दीक्षेच्या बाहेर. जानेवारी 2021 मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना कायमस्वरूपी खुली झाली. वसईत किंवा गोव्यात स्त्रिया मिस्सात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) वाचन करताना, ख्रिस्तप्रसाद वाटताना दिसतात, त्या आधीपासून ‘तात्पुरत्या’ म्हणून ते करत होत्या इतकेच. मिस्सातील प्रवचन मात्र कलम 767 नुसार धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठीच राखीव आहे. पॅरिशच्या (स्थानिक मंडळीच्या) पाळकीय मंडळावर स्त्रिया असतात. पण कलम 536 नुसार त्या मंडळाचे मत, पुरुषांचे असो वा स्त्रियांचे, केवळ सल्ल्यापुरते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने 2010 मध्ये स्त्री-पुरुष समतेचे धोरण प्रसिद्ध केले. ऑक्टोबर 2023 च्या रोममधील बिशपांच्या सिनडमध्ये स्त्रियांना प्रथमच मत मिळाले. जानेवारी 2025 मध्ये धर्मभगिनी सिमोना ब्रांबिला या व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या.

महाराष्ट्र

मराठी मुलखात हा वाद सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे अंगावर घेतला तो पंडिता रमाबाईंनी. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंनी पत्रांतून उत्तर दिले : ब्राह्मण पुरोहितांचे जोखड नुकतेच मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेणार नाही. दीक्षेचा मुद्दा त्यांनी उपस्थित केला नाही. त्यांनी परवानगीचीच गरज नाकारली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या धार्मिक जागृतीनंतर मुलींचे गट प्रार्थना करत, सुवार्ता सांगत आसपासच्या गावांत फिरत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण छापून निघाले. त्याचे खिळे जुळवण्यापासूनचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. अडचण येते ती त्यापुढे. परवानगी सिनडची असली तरी नेमणूक धर्मप्रांताची (एका बिशपच्या अधिकारक्षेत्राची). पती-पत्नी दोघेही पाळक असतील तर एकाच गावी दोन जागा मिळणे कठीण, आणि वसतिगृह किंवा शाळेवरची नेमणूक ही मंडळीच्या पाळकत्वाला पर्याय ठरत नाही, कारण मंडळीचा अनुभव नसल्यास पुढील निवडणुकीत नाव मागे पडते. बिशपपदापर्यंत पोहोचायला दक्षिण भारत चर्चला (सीएसआय) 2013 साल उजाडले, जेव्हा एग्गोनी पुष्पललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. सीएनआयमध्ये पहिल्या स्त्री-बिशप व्हायोलेट नायक, ओडिशातील फुलबनी धर्मप्रांतात, 2024 मध्ये.