एसआय जॉइंटचं ‘फ्युजन’ आणि त्या शब्दाची भानगड

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंबर दुखली की पहिला संशय एसआय जॉइंटवरच, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाचं हाड (सॅक्रम) आणि कुल्ल्याचं हाड (इलियम) यांच्यातल्या सांध्यावर जायचा, १९२० च्या दशकात तर सांधा उघडून तो कायमचा जाम करायची ऑपरेशनं चालायची. मग १९३४ मध्ये सरकलेल्या डिस्कमुळे नस दबते हे दाखवणारा पेपर आला आणि सगळे डिस्कच्या मागे लागले, एसआय जॉइंट पार अडगळीत गेला.

तो परत चर्चेत आला तो त्रिकोणी टायटॅनियम इम्प्लांटमुळे. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. कुल्ल्याच्या बाजूला साधारण तीन सेंमीचा छेद, एक्स-रेवर बघत इलियममधून सॅक्रमपर्यंत पिन, त्या वाटेने त्रिकोणी भोक आणि मग इम्प्लांट ठोकून बसवायचा, असे सहसा तीन. इम्प्लांट त्रिकोणी का, तर गोल स्क्रू फिरू शकतो, हा जागचा फिरत नाही.

खरा गोंधळ इथून पुढे. या सगळ्याला म्हणतात फ्युजन, म्हणजे दोन हाडं जुळवून एक करणं, पण सांध्यातलं कार्टिलेज (कूर्चा) साफ करून हाड भरणं यात बंधनकारक नाहीच. २०१५ मध्ये अमेरिकेत बिलिंगसाठी, म्हणजे बिलावर कुठलं ऑपरेशन केलं ते सांगायला, २७२७९ हा कायमचा कोड आला (त्याआधी दीडएक वर्ष तात्पुरत्या कोडवर चाललं होतं), त्यातही बोन ग्राफ्ट (भरायला घेतलेलं हाड) ‘घेतला तर’ एवढंच आहे. अट एकच, की इम्प्लांट सांधा ओलांडून दोन्ही हाडांत रुतला पाहिजे. म्हणजे इम्प्लांटला हाड चिकटलं तरी दोन हाडं एकमेकांना जुळलीच असं नाही, आणि नाव मात्र फ्युजन!

मग मागच्या बाजूने सांध्यात हाडाचा तुकडा पाचरीसारखा ठोकायची पद्धत वाढली. ही अजून छोटी, पेन क्लिनिकवालेही करायला लागले. यात काहीच सांधा ओलांडत नाही, तरी बिलं २७२७९ वरच लागत होती. त्यावर सर्जन आणि पेनवाले यांच्यात चांगलीच जुंपली. बोलणं पेशंटच्या हिताचं असलं तरी निम्मं भांडण पैशांचं होतं असं मला वाटतं. शेवटी २०२३ मध्ये पाचरवाल्यांना वेगळा तात्पुरता कोड आणि २०२४ पासून २७२७८ हा कायमचा. गंमत म्हणजे सांधा न ओलांडणाऱ्या या कोडच्या वर्णनातही पहिला शब्द ‘आर्थ्रोडेसिस’च ठेवलाय, म्हणजे सांधा जुळवणं. वाद मिटवायला कोड केला आणि मूळ भानगड तशीच ठेवली.

पुराव्याचं म्हणाल तर त्रिकोणीवाल्यांकडे बऱ्यापैकी होता. अमेरिकेतल्या १४८ पेशंटच्या ट्रायलमध्ये ऑपरेशनवाल्यांना औषधं-फिजिओवाल्यांपेक्षा बराच जास्त आराम पडला, फक्त कोणाचं ऑपरेशन झालंय हे पेशंटला माहीत होतं. पाचरवाल्यांकडे एवढं काही नव्हतं, त्यामुळे सर्जन लोक ताठ होते. आणि मग २०२४ मध्येच नॉर्वे-स्वीडनमधली ६३ पेशंटची ट्रायल छापून आली, त्यात निम्म्यांना हेच त्रिकोणी इम्प्लांट आणि बाकीच्यांना खोटं ऑपरेशन, म्हणजे छेद आहे पण आत इम्प्लांट नाही. सहा महिन्यांनी दुखणं दोन्हीकडे कमी झालेलं, आणि दोन गटांत म्हणावा असा फरक नाही.