सायलेन्सरचा पत्रा वाजतोय? तोडून टाकण्याआधी एवढं वाचा

गाडी सुरू केली की खालून रिकामा डबा हलवल्यासारखी छनछन येते, ॲक्सिलरेटर जरा दाबला की थांबते, आणि एसी लावून गाडी उभी केली की परत सुरू होते. अशा गाड्यांत बहुतेक वेळा दोष हीट शील्डचा निघतो. हीट शील्ड म्हणजे कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला डबा) आणि सायलेन्सरच्या आजूबाजूला बसवलेला पातळ पत्रा. त्याचा एखादा बोल्ट पडलेला असतो, नाहीतर बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालेलं असतं. काम तासाभराचं आहे. तरीही बऱ्याच गाड्या आमच्या गॅरेजमध्ये दोन-चार दिवस अडकतात, कारण इथे येण्याआधीच कोणीतरी तो पत्रा ओढून काढलेला आणि फेकून दिलेला असतो.

आमची विनंती एवढीच आहे: पत्रा लोंबत असेल, अर्धा तुटला असेल, पार वाकला असेल, तरी टाकू नका. रस्त्यात गळून पडला तर गार झाल्यावर उचलून डिकीत टाका आणि सोबत आणा. कितीही वाकडा असला तरी ठोकून सरळ करता येतो. फाटलेल्या भोकावर पट्टी मारता येते. पत्राच नसेल तर मात्र चासी नंबरवरून नवा मागवावा लागतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये कन्व्हर्टरवरचा पत्रा सुटा मिळतच नाही, कन्व्हर्टरसकट घ्यावा लागतो. तो खर्च ऐकून ग्राहक आमच्यावर नाराज होतात, पण त्यात आमचा इलाज चालत नाही.

“पत्रा नसला तरी गाडी चालतेच की,” असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. गाडी चालते, हे खरं. पण काम करताना कन्व्हर्टरच्या आतलं तापमान साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअस असतं. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साठलेली काजळी जाळतो, तेव्हा तिथलंही तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. वरचा पत्रा ही धग फ्लोअर, वायरिंग, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी आणि प्लॅस्टिकची टाकी यांच्यापर्यंत जाऊ देत नाही. खालचा पत्रा जमिनीवरच्या वस्तूंना वाचवतो. आपल्या सांगली भागात हा खालचा पत्राच जास्त महत्त्वाचा. गळीत हंगामात गाडी उसाच्या फडाकडेला, वाळलेल्या पाचटावर उभी केली आणि खाली उघडा तापलेला कन्व्हर्टर असला, तर पाचट पेटायला फार वेळ लागत नाही. आष्टा, पलूसकडून येणाऱ्या गाड्यांच्या पत्र्यात अडकलेलं पाचट आम्ही हंगामभर काढत असतो. जळका वास येत असेल तर आवाज नसला तरी दाखवून जा.

आवाज पत्र्याचाच आहे का, हे घरी बघता येतं. गाडी बंद करून किमान दोन तास जाऊ द्या. मग हातमोजा घालून कडेने हात पोचेल तिथे पत्र्यावर बुक्कीने हलकेच ठोका. पातळ, छनछनीत आवाज आला तर पत्रा सैल आहे. आवाज जड आणि आतून खुळखुळल्यासारखा आला तर कन्व्हर्टरच्या आतली जाळी तुटलेली असू शकते, आणि त्यावर पत्र्याचा इलाज चालणार नाही. कधीकधी नुसता खडीचा एक तुकडा पत्र्यात अडकलेला असतो. तो काढायचे आम्ही पैसे घेत नाही. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही शिरू नका, स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

दुरुस्ती करताना भोक गंजलेलं असेल तर तोच बोल्ट परत आवळून उपयोग होत नाही, कारण बोल्टाचं डोकं मोठ्या झालेल्या भोकातून सुटून येतं. आम्ही भोकावर २५ ते ३० मिलिमीटर व्यासाचा रुंद वायसर टाकून सहा एमएमचा बोल्ट बसवतो. दहा नंबरचा पाना लागतो. कन्व्हर्टरजवळ स्टेनलेसचाच वायसर वापरतो, कारण झिंक चढवलेला वायसर तिथल्या उष्णतेत टिकत नाही. मागे, फ्लोअरखालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला झिंकवाला चालतो. लॉकनट पूर्ण धातूचाच हवा. आत नायलॉनची रिंग असलेला नट घातला तर रिंग वितळते आणि नट महिन्याभरात सैल होतो. बोल्ट सहा एमएमचाच आहे, ८ ते १० न्यूटन मीटर टॉर्क पुरतो. जोर लावला की तुटतो.

गंजलेला बोल्ट तुटणं ही या कामातली सगळ्यात मोठी कटकट. घरी सोडवायचा असेल तर आदल्या रात्री गार बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पाना लावा, आणि थोडा सुटला की पुढे-मागे फिरवत काढा. सरळ झटका देऊ नका. तुटलाच तर ५ एमएमचं ड्रिल मारून नवे आटे पाडावे लागतात, आणि तासाचं काम अर्ध्या दिवसावर जातं.

दोन भागांत पाइपभोवती बसणाऱ्या पत्र्याचे वेल्ड सुटले असतील तर आम्ही स्टेनलेसची होज क्लिप बाहेरून गुंडाळून आवळतो. एक क्लिप पुरली नाही तर दोन जोडून एक करतो. काही ग्राहकांना ही कामचलाऊ दुरुस्ती वाटते. तसं नाही. एवढ्या पातळ पत्र्याला वेल्ड मारायला गेलं की तो जळून भोक पडतं, आणि टाकीजवळ वेल्डिंग करणं आम्हाला मान्य नाही. क्लिप जाळीदार फ्लेक्स पाइपवर किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर येऊ देत नाही. पत्रा मधल्या भागात पाइपला टेकू नये, याकडेही लक्ष देतो. मधली हवेची फटच उष्णता अडवते. आवाज थांबवायला पत्रा दाबून पाइपला चिकटवला तर आवाज जातो, पण शील्डचा उपयोगही जातो.

बांधकामाची तार, केबल टाय, एम-सील यातलं काहीही लावून आणू नका. टाय पहिल्याच फेरीत वितळतो, एम-सील तडकून पडतं, तार गंजून तुटते. आणि ते सगळं खरवडून काढायचा वेळ तुमच्याच बिलात धरावा लागतो.

२०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल, किंवा तशी जुनी गाडी घेतली असेल, तर आवाज नसतानाही एकदा खालून बघून घ्या. पत्रा आणि फ्लोअर यांच्यामध्ये बसलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि गंज वरून खात येतो. बाहेरून तो दिसत नाही. पत्रा उतरवून गाळ धुऊन परत बसवायचं काम आम्ही करतो.

गाडी शक्यतो सकाळी, रात्रभर उभी राहून गार झालेली आणा. लांबून येणाऱ्यांनी गाडी आमच्याकडे लावून दोन तासांनी यायची तयारी ठेवावी. गरम एक्झॉस्टखाली आमचा मुलगा हात घालत नाही, कितीही घाई असली तरी. कामाचे दर काउंटरमागच्या भिंतीवर लावलेले आहेत. बदललेले जुने बोल्ट आणि वायसर आम्ही पिशवीत घालून परत देतो. काम झाल्यावर साधारण ५०० किलोमीटर चालवून एकदा या, क्लिप आणि बोल्ट परत तपासून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.