‘मिक्स्ड’ म्हणजे नेमकं काय? मासेमारीच्या सिम्युलेशन गेमवरच्या मतांची पार्श्वभूमी

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की पुण्यातल्या सिम्युलेटरवाल्या, म्हणजे खऱ्या कामाची नक्कल करणारे गेम खेळणाऱ्यांच्या, ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी ‘फिशिंग: बॅरेंट्स सी’ नाहीतर ‘फिशिंग: नॉर्थ अटलांटिक’चा स्क्रीनशॉट टाकतं आणि विचारतं, “घेऊ का? रिव्ह्यू काही धड दिसत नाहीत, ‘मिक्स्ड’ लिहिलंय.” पुढचे दोन तास वाद होतो. ट्रकचे गेम खेळणारे म्हणतात घे, नेमबाजीवाले म्हणतात पैसे वाया जातील, आणि विचारणारा सेल संपेपर्यंत ठरवत नाही. ही मतं अशी का पडली आणि दुकानाच्या पानावर ती आज ज्या रूपात दिसतात ते रूप त्यांना कसं आलं, ते कळलं तर निदान वाद तरी नीट घालता येईल.

इथे विषय व्यावसायिक मासेमारीचा आहे. तळ्याकाठी गळ टाकून बसायचे गेम वेगळे, त्यांचा इतिहासही जुना. अटारीवर 1980 मध्येच दोन माणसं समोरासमोर गळ टाकून बसलेली होती. 1997 मध्ये सेगा कंपनीचा बास मासा पकडायचा गेम आर्केडमध्ये आला, आणि त्याच्या घरगुती आवृत्तीसाठी हातात धरायची छोटी काठीही मिळत होती. त्यात एकच मासा असतो आणि त्याच्याशी झुंज असते. जाळं, डिझेल, खलाशी, बंदरातला भाव यांचा तिथे संबंध नाही. धंदा म्हणून मासेमारी मोठ्या गेममध्ये आली ती 2008 मध्ये, अलास्कातल्या खेकडा पकडणाऱ्या बोटींवरच्या टीव्ही मालिकेमुळे. पण आपल्याकडे तो गेम फार कुणी खेळलं नाही.

आपल्याकडच्या मंडळींना या प्रकाराची सवय लावली ती ट्रकने. ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ ऑक्टोबर 2012 मध्ये आला. रात्री जेवण उरकून दोन तास जर्मनीच्या रस्त्यावरून माल न्यायचा, यात काय मजा आहे हे घरच्यांना कधी कळलं नाही, पण खेळणाऱ्यांना कळलं. कामासारखा दिसणारा खेळ विकला जातो हे एकदा सिद्ध झाल्यावर शेती, बस, रेल्वे, बांधकाम अशा गेमची लाटच आली. नॉर्वेतल्या एका छोट्या स्टुडिओने फेब्रुवारी 2018 मध्ये ‘बॅरेंट्स सी’ आणला तो या लाटेवर. आजोबांकडून आलेल्या लहानशा होडीवर सुरुवात करायची, हॅमरफेस्टसारख्या उत्तरेकडच्या बंदरांतून बाहेर पडायचं, कॉड आणि हॅडॉक आणून विकायचे, खलाशी ठेवायचे, पैसे साठले की मोठी बोट घ्यायची. पुढे त्यात लाल किंग क्रॅबची पुरवणी आली. हा खेकडा मुळात त्या समुद्रातला नाही. 1960 च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो पॅसिफिककडून आणून तिथे सोडला आणि पुढे तो पसरत नॉर्वेच्या किनाऱ्यावर पोचला. पुरवणीवर मतं मात्र खेकड्याबद्दल कमी आणि तिच्या किमतीबद्दल जास्त पडली.

पहिल्या वर्षातली मतं वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. स्तुती आणि तक्रार बहुतेक एकाच गोष्टीची आहे. बंदर सोडल्यावर बराच वेळ नुसतं पाणी, इंजिनाचा आवाज आणि वर बदलत जाणारं आभाळ. एक जण त्याला शांतता म्हणतो, दुसरा रिकामपण. एकाला परत परत दोरी टाकणं, ओढणं, मासा हुकाने आत घेणं म्हणजे काम वाटतं आणि म्हणून आवडतं, दुसऱ्याला ते काम वाटतं आणि म्हणूनच नकोसं होतं. तांत्रिक गोंधळ, अडकणारी बोट, वेड्यासारखे वागणारे खलाशी या तक्रारी होत्याच आणि त्या रास्तही होत्या. पण अपडेट आले तशा त्यांतल्या बऱ्याच मिटल्या. वाट पाहण्याबद्दलचा वाद कुठल्याही अपडेटने मिटणारा नव्हता.

त्यात एक मुद्दा फार गाजला, तो मासा साफ करण्याचा. पकडलेला मासा फळीवर येतो, माउसने रेघ ओढून पोट फाडायचं, पुढचा मासा. कंटाळवाणं आहे, खोटं आहे, समुद्रात असं कोण करतं, अशी मतं भरपूर पडली. आपल्याकडूनही पडली. माझे मामा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून त्यांनी 30 वर्षं होडीवर काढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते कोथरूडला माझ्याकडे राहिले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, उघड्या डोळ्याने ते स्क्रीनकडे बघत होते. पहिला प्रश्न त्यांनी डिझेल किती पडतं हा विचारला, दुसरा खलाशांना वाटा किती. मग मी मासा फाडायला घेतला तसे ते खुर्चीतून पुढे झाले. “अरे, होडीवरच पोट काढत बसतात? मग पुढची दोरी कोण टाकणार?” त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या समुद्रापुरतं. आपल्याकडे मासा अख्खाच बर्फात थरावर थर लावून खणात जातो आणि वर्गवारी होते ती जेटीवर. नॉर्वेत कॉड पकडल्या पकडल्या रक्त काढून टाकतात आणि पोट साफ करतात. मांस पांढरं राहतं, पोटातल्या घाणीने खराब होत नाही, शिवाय यकृत आणि अंडी वेगळी विकता येतात. म्हणजे ज्याला लोकांनी खोटं म्हणून अंगठा खाली दिला, तीच गेममधली सर्वांत खरी गोष्ट होती. मी हे मामांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “यकृत विकतात? मग परवडत असेल.”

आता ‘मिक्स्ड’ या शब्दाकडे. स्टीमवर ग्राहकांची मतं सध्याच्या रूपात आली ती 2013 च्या अखेरीस. तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत, फक्त अंगठा वर किंवा खाली. शिवाय विचारलेला प्रश्न ‘आवडला का’ हा नाही. हा गेम दुसऱ्या खेळाडूंना सुचवाल का, असा तो आहे. मराठीत बोलताना आपण हा फरक रोज करतो. ‘मला आवडतं रे, पण तुला नाही सांगणार’ हे वाक्य कारल्याच्या भाजीपासून ट्रेकिंगपर्यंत सगळीकडे चालतं. मासेमारीच्या गेमला ते इतकं चपखल बसतं की शेकडो तास खेळलेला माणूसही अंगठा खाली देतो आणि खाली लिहितो, मला फार आवडला, पण प्रत्येकाला झेपेल अशी ही गोष्ट नाही. मशीन मात्र अंगठा मोजतं. खालची ओळ ते वाचत नाही.

मग या अंगठ्यांची टक्केवारी होते आणि टक्केवारीवर चिठ्ठी चिकटते. 80 पासून पुढे साधारण ‘व्हेरी पॉझिटिव्ह’. 70 ते 79 ‘मोस्टली पॉझिटिव्ह’. 40 ते 69 ‘मिक्स्ड’. या तिसऱ्या पट्ट्याची रुंदी बघा. 100 पैकी 41 जणांना सुचवावासा वाटला तो गेम आणि 69 जणांना वाटला तो गेम, दोघांच्या कपाळावर एकच शब्द. 69 आणि 70 मध्ये एका माणसाचा फरक, पण एकाचा रंग तपकिरी आणि दुसऱ्याचा निळा. आपल्याकडे 60 टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटायची रीत आहे. तिथे 69 टक्के मिळवलेला गेम सेलच्या पानावर असा दिसतो की जणू काठावर पास झालाय. आणि ‘मिक्स्ड’ वाचताना आपल्या डोक्यात येतं ते ‘बरा-वाईट’, म्हणजे माल मध्यम. त्या शब्दाचा अर्थ तो नाही. माल मध्यम आहे असं तिथे कुणीच म्हटलेलं नसतं, कारण मध्यम म्हणायला बटणच नाही. काहींना मनापासून आवडलाय, काहींना अजिबात नाही, आणि दोघांची बेरीज करून मध्ये कुठेतरी एक शब्द ठेवलाय. सगळ्यांना साधारण बरा वाटेल अशा गेमसाठी ही पद्धत ठीक आहे. ज्यांच्यावर टोकाची मतं पडतात त्यांच्यावर ती अन्याय करते, आणि मासेमारीचा गेम त्यांतलाच. हे माझं मत आहे आणि ग्रुपवर मी ते बऱ्याचदा मांडलंय. समोरच्यांचं म्हणणं असं की विकत घेणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं, आणि दोन शब्दांची चिठ्ठी त्याला 200 रिव्ह्यू वाचण्यापासून वाचवते. तेही खोटं नाही. फक्त जो 200 रिव्ह्यू वाचत नाही तो नक्की कशाला नकार देतोय, हे त्याला कधीच कळत नाही.

या पद्धतीत पुढे दुरुस्त्या झाल्या. 2016 मध्ये एकूण मतं आणि अलीकडची मतं अशा दोन चिठ्ठ्या वेगळ्या दिसू लागल्या. सतत अपडेट होणाऱ्या गेमला त्याचा फायदा झाला, कारण सुरुवातीच्या बिघाडांचा राग कायमचा गळ्यात राहिला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठरलं की बाहेरून घेतलेल्या कीवर, म्हणजे गेम चालू करायच्या कोडवर, गेम चालू करणाऱ्याचं मत दिसेल, पण टक्केवारीत धरलं जाणार नाही. फुकट की वाटून स्तुती गोळा करणाऱ्यांना त्यामुळे चाप बसला. पण बंडलमधून, म्हणजे अनेक गेमच्या एकत्र गठ्ठ्यातून, किंवा दुसऱ्या साइटवरून रीतसर पैसे मोजून की घेतलेले लोकही मोजणीतून गेले. पुण्यात असे बरेच होते. कारण 2015 च्या नोव्हेंबरपर्यंत स्टीमवर भाव डॉलरमध्ये असायचे, आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड कॉलेजच्या पोराकडे कुठून असणार? रुपये आले तेव्हा हा प्रश्न सुटला, पण कुठे स्वस्त मिळतंय ते बघून घ्यायची सवय सुटली नाही. मतं कधी कशी पडली ते दाखवणारे 2017 मधले आलेख आणि गेमशी संबंध नसलेल्या रागातून एकदम पडणाऱ्या मतांच्या धाडी मोजणीतून वगळण्याचा 2019 मधला निर्णय मोठ्या गेमसाठी महत्त्वाचे होते. मासेमारीवर कुणी धाड घातली नव्हती.

परताव्याचा नियम मात्र या प्रकारच्या गेमला थेट भिडतो. जून 2015 पासून, घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ग्राहकाच्या बाजूने चांगलाच नियम. पण दोन तासांत नेमबाजीचा गेम कळतो, मासेमारीचा कळत नाही. त्या वेळात शिकवणी होते, लहान होडी होते, पहिली विक्री होते आणि खिशात फारसं काही पडत नाही. मोठी बोट, वादळातली फेरी, खलाशांवर काम सोपवून स्वतः सुकाणूवर उभं राहणं हे सगळं पुढे आहे. रिव्ह्यूच्या शेजारी खेळलेले तास छापलेले असतात. अंगठा बघण्याआधी ते तास बघावेत. दोन तासांच्या आतलं मत आणि 60 तासांनंतरचं मत हे मला दोन वेगळ्या गेमवरचं मत वाटतं.

ऑक्टोबर 2020 मध्ये ‘नॉर्थ अटलांटिक’ आला तेव्हा हिंजवडीची ऑफिसं घरात आली होती आणि वेळ होता. समुद्र या वेळी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाचा. पिंजऱ्यातले लॉबस्टर, खेकडे, आणि हार्पूनने मारायचा सोर्डफिश. ही पद्धतही तिथल्या मच्छीमारांची खरीखुरी. पाणी सुंदर झालं यावर जवळपास एकमत होतं. बाकीची वाटणी जुनीच राहिली, तिच्यात एक नवी भर पडली. ज्यांनी पहिला गेम 100 तास खेळला होता ते आता कडक झाले. त्यांना तेच काम नव्या किनाऱ्यावर नको होतं, त्यांना मित्रांसोबत एका बोटीवर चढायचं होतं. एक सुकाणूवर, एक दोरीवर, एक खणात. ही मागणी मतांमध्ये इतक्यांदा आली की ती पुढच्या गेमची जाहिरातच झाली.

तो पुढचा गेम, ‘शिप्स ॲट सी’, मे 2024 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला, म्हणजे काम पूर्ण व्हायच्या आधी पैसे घेऊन. एकत्र खेळायची सोय होती आणि मासेमारीच्या जोडीला मालवाहतूक आणि मदतकार्यही आलं. मग पुन्हा नवा पेच. अर्धवट गेमवरचं मत आज आहे त्यावर द्यायचं की उद्या होईल त्यावर? ग्रुपवरचे जुने मासेमार आजवर घडलेल्या बोटींवर मत देतात, नवे लोक पुढच्या यादीवर. दोन्ही अंगठे एकाच टक्केवारीत जातात.

सर्वांत अलीकडचा बदल ऑगस्ट 2025 चा. एकूण 2,000 पेक्षा जास्त मतं असलेल्या गेमसाठी, आणि एखाद्या भाषेत निदान 200 मतं असली तर, त्या भाषेची चिठ्ठी वेगळी काढली जाते. जर्मन वाचणाऱ्याला आता आधी जर्मन खेळाडूंचं म्हणणं दिसतं. स्टीमचं दुकान ज्या भाषांत दिसतं त्यांत मराठी नाही. आपल्यातला जो कुणी लिहितो तो इंग्रजीत लिहितो किंवा रोमन लिपीत मराठी लिहून इंग्रजीच्या खात्यात टाकतो, आणि त्याचा अंगठा तिकडच्या लाखोंमध्ये मिसळतो. मासा साफ करण्यावरचा मामांचा आक्षेप आणि त्यावरचं नॉर्वेचं उत्तर मी तसंच लिहून टाकलंय, अंगठा वर देऊन. भाषेच्या जागी इंग्रजी निवडावं लागलं. ज्याला घ्यायचा असेल त्याने ग्रुपवर विचारावं. तिथे तरी ‘आवडतो, पण तुला नाही सांगणार’ हे वाक्य जसंच्या तसं लिहिता येतं.