व्हॉयर म्हणजे मुळात नुसता बघ्या

हॉटेलच्या खोलीत, कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये छुपा कॅमेरा सापडला की बातमीत ‘व्हॉयरिझम’ हा शब्द येतोच. वाचताना ‘व्हॉयेज’, म्हणजे प्रवास, आठवतो, पण नातं नाही. तो वाटेचा शब्द, हा डोळ्यांचा.

फ्रेंचमध्ये ‘व्वार’ म्हणजे बघणे. त्याला लागतो तो ‘शोफर’मधला प्रत्यय, म्हणजे करणारा. व्हॉयर म्हणजे सरळ मराठीत ‘बघ्या’. १९व्या शतकाच्या अखेरीस या शब्दाला चोरून बघून लैंगिक सुख घेणारा असा अर्थ चिकटला आणि तोच पुढे इंग्रजीत गेला. आपला बघ्या मात्र अजून अपघाताभोवतीच्या गर्दीत उभा आहे, फार तर निरुपद्रवी. मूळ लॅटिन धातू ‘विदेरे’. व्हिडिओ त्यातलाच, आणि भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘विद्’, म्हणजे आपला वेद, त्याच कुळातला मानतात. काय घराणं आणि काय दिवस!

बेळगावजवळच्या आमच्या खानापूर भागात या प्रकाराला नाम नव्हतं, क्रियापद होतं. परसातली न्हाणी तट्ट्यांची. फटींवर आजी आतून जुनं लुगडं लावायची, आणि कुंपणाशी कुणी पोरगा रेंगाळला की आतूनच ओरडायची, “काय बघालास रे?” शेजारच्या कन्नड घरात त्यालाच ‘इणुकि नोडु’, डोकावून बघणं. मराठीत ‘चोरून’ हा शब्द मला नेमका वाटतो. लाजणारा आपलीच नजर चोरतो. हा दुसऱ्याचं काहीतरी चोरतो.

कायद्याला ही चोरी उशिरा दिसली. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४ क हे कलम आलं. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं, पुन्हा केल्यास तीन ते सात. बाईने फोटो काढू दिला, पण तो इतरांना दाखवायला होकार दिला नाही, तर दाखवणाराही गुन्हेगार. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. जुन्या कलमात आरोपी ‘पुरुष’ होता, नव्यात ‘जो कोणी’. पीडित म्हणून मात्र दोन्हींत स्त्रीच.

बेळगावात तक्रार द्यायला गेलेली मराठी बाई ‘चोरून बघत होता’ एवढंच सांगते. कागदावर ते कन्नडमध्ये उतरतं.